चार पुढून, दोन पाठून

बादलीतलं अर्धं धुणं दोरीवर गेलं होतं आणि अर्धं अजून पिळा घातलेलं बादलीतच होतं, तेव्हा ठकठककाकूंचा अंगठा अडकला. चादरीला लावायला त्यांनी चिमटा दाबला, चिमटा उघडला, चादरीवर नीट बसला, पण उजव्या हाताचा अंगठा काही सरळ होईना. तळहाताकडे वाकला तो वाकलाच. डाव्या हाताने त्यांनी तो ओढला तेव्हा कोयंडा निघावा तसा ‘टक्’ आवाज झाला आणि कळ थेट कोपरापर्यंत गेली.

“काय झालं, आई?” ओट्याशी उभ्या असलेल्या सुनेने विचारलं.

“काही नाही. तू तुझं बघ.”

सुनेने गॅस बारीक केला, बाहेर येऊन बादली उचलली आणि उरलेलं धुणं मुकाट्याने वाळत घातलं. काकूंनी तिला अडवलं नाही. यावरूनच सुनेने ओळखलं की काहीतरी झालंय. एरवी सुनेने वाळत घातलेला टॉवेलसुद्धा काकू पुन्हा काढून, झटकून, कडा जुळवून घालत.

ठकठककाकू हे काही त्यांचं नाव नव्हे. गल्लीने ठेवलेलं. घरात त्यांचा उभा माग होता, आणि सकाळची आवराआवर झाली की त्या मागावर बसत. आडवा धागा घातला की लाकडी दात्यांच्या जड पंजाने तो खाली ठोकायचा, हे विणकामातलं रोजचं काम. त्याची ठकठक तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाई. समोरच्या बेकरीवाल्याची बायको म्हणायची, “काकूंची ठकठक थांबली की मी भात लावते. घड्याळ कशाला हवं?” यावर काकूंचे यजमान हसत नसत, कारण ते घड्याळं दुरुस्त करायचे.

काकू विणायच्या ती वेढ्याची वीण. सतरंजीसारखी सपाट, पण साधी सतरंजी नव्हे. ताणलेल्या उभ्या धाग्यांवर रंगीत लोकरीचा धागा घ्यायचा, चार उभे धागे पुढून ओलांडायचे, मग पाठून दोन धागे परत यायचं, आधीच्या वेढ्याच्या खालून डोकं वर काढायचं आणि पुन्हा चार पुढे. चार पुढून, दोन पाठून. असं सरकत सरकत ओळ पुरी झाली की वर एक साधा धागा घालून पंजाने ठोकायचं. प्रत्येक वेढा किंचित तिरका पडतो, आणि सगळे वेढे एकाच बाजूला कलले की दोरी शेजारी दोरी ठेवल्यासारखी ओळ दिसते. सगळी शोभा त्या कलण्यात. एक जरी ओळ उलटी कलली, तर भरल्या पंगतीत एकच माणूस पाठ फिरवून बसल्यासारखं दिसतं.

ही वीण काकू आईकडून शिकल्या, नवव्या वर्षी. आई कडक. डावा हात धाग्याकडे गेला की मनगटावर पंजाची मूठ बसे. “डावा हात धरायला, उजवा हात विणायला. डाव्याने विणशील तर वीण उलटी कलेल आणि लोक मला नावं ठेवतील.” लग्न झालं तेव्हा काकूंनी दागिन्यांआधी माग मागितला. तो सुटा करून, दांडे चादरीत गुंडाळून टेम्पोत घातला होता. नवऱ्या मुलाला वाटलं, पलंग असेल. पुढे कितीतरी वर्षं ते ही गोष्ट सांगत. “मी पलंगाची वाट बघत होतो आणि घरात आला हा.”

घर लहान. एकच लांबट खोली, एका अंगाला खिडकी, दुसऱ्या अंगाला दार, आणि बरोबर मधोमध हा माग, पडद्यासारखा उभा. मागाच्या पुढच्या बाजूला बैठक, काकूंचं बसकं स्टूल आणि घड्याळवाल्यांचं टेबल. पाठच्या बाजूला ओटा, भांड्यांची मांडणी आणि सुनेचा वावर. मुलगा विजेच्या खात्यात होता आणि बदलीच्या गावाहून पंधरा दिवसांनी येई. म्हणजे घरात ही तीन माणसं आणि मधे धागे.

चार वर्षांपूर्वी सून आली तेव्हा काकूंना कोण आनंद झाला होता. पोटच्या मुलीची हौस राहिली होती, आता हिला शिकवू, असं त्यांनी देवापुढे बसून मनाशी ठरवलं होतं. आणि पहिल्याच दिवशी सुनेने चहाचा कप डाव्या हाताने उचलला. भाजी डाव्या हाताने चिरली. पत्र डाव्या हाताने लिहिलं. काकू रात्री यजमानांना म्हणाल्या, “मुलगी सोन्यासारखी आहे. पण डावखुरी.”

“मग? सोनं डाव्या हाताचं नसतं का?”

“तुम्हाला नाही कळायचं.”

मग सुनेला मागावर बसवलंच नाही. तिला काम दिलं ते पाठीमागचं. वेढ्याच्या विणीत रंग बदलला की जुन्या रंगाचं टोक पाठीमागे सोडायचं असतं. अशी शेकडो टोकं लोंबत असतात. ती दोन दोन करून बांधायची आणि कातरायची. चार वर्षं दुपारी दोन ते चार, काकू पुढे बसून विणायच्या आणि सून पाठीमागे पाटावर बसून टोकं बांधायची. दोघींच्या मधे धाग्यांची भिंत. बोलणं मात्र चालू.

आता अंगठा अडकला तो नेमका नको त्या वेळी. गावातल्या हस्तकला केंद्राने इतक्या वर्षांनी विणकामाचा वर्ग काढायचं मनावर घेतलं होतं. केंद्राची तळमजल्यावरची मोठी खोली रिकामी होत होती. तिथे विणकामाचा वर्ग तरी होईल, नाहीतर मशीनवरच्या भरतकामाचा, असं कमिटीचं चाललं होतं. केंद्रातल्या बाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या होत्या.

“काकू, मी तुमच्या बाजूने आहे. पण कमिटीला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. एक पडशी विणून आणा. दोन्ही तोंडं एकसारखी. पुढच्या बुधवारी.”

पडशी म्हणजे खांद्यावर टाकायची दुहेरी पिशवी, एक खिसा पुढे लोंबतो, एक पाठीवर. दोन खिशांची दोन तोंडं, आणि ती जुळी दिसली पाहिजेत. विणणाऱ्याची खरी परीक्षा तीच. एक सुंदर विणणं जमतं बऱ्याच जणांना, पण पुन्हा तस्संच विणणं महाकठीण. काकूंचं एक तोंड विणून, मागावरून उतरवून कपाटात ठेवलेलं होतं. दुसरं अर्धं झालं होतं. अजून वीतभर विणायचं होतं आणि हातात नऊ दिवस होते.

काकूंना या वर्गाची आस का होती, ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. त्यांच्या आईकडे एके काळी सहा जणी विणायला बसत. त्यातल्या दोघी देवाघरी गेल्या, तिघींनी माग जळणाला दिले. ही वीण हातात असलेलं त्या भागात आता एकच माणूस उरलं होतं, आणि त्याचा अंगठा वाकडा झाला होता.

सोमवारी त्यांनी मलम चोळलं. मंगळवारी सकाळी अंगठ्याला रुमाल गुंडाळून मागावर बसल्या. चिमटीत धागाच धरवेना. घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून टेबलापाशी बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, “स्प्रिंग अडकलीय. तेल घालून बघू का?”

“तुमच्या जिभेवर घाला. ती जास्त करकरते.”

पण तासाभराने काकूंनीच धागा खाली ठेवला. मग घसा खाकरून म्हणाल्या, “अगं, जरा इकडे ये बघू. या स्टुलावर बस.”

पाठीमागे टोकं बांधत बसलेली सून उठून, मागाला वळसा घालून पुढे आली. चार वर्षांत पहिल्यांदाच ती या स्टुलावर बसत होती. हात पदराला पुसून तिने धागा घेतला, अर्थात डाव्या हातात.

“उजव्याने.”

तिने उजव्याने घेतला. दोन वेढे घातले ते ढिले, तिसऱ्यात धागा सुटला. काकूंनी श्वास सोडला. “बरं, डाव्याने तर डाव्याने. बघू.”

डाव्या हाताने धागा झरझर चालला. उजवीकडून सुरू करून ती डावीकडे सरकत गेली, चार पुढून, दोन पाठून, एकसारखे, घट्ट. ओळ पुरी झाली आणि दोघींनी बघितलं. खालच्या सगळ्या ओळी एका बाजूला कललेल्या, ही एकटी दुसऱ्या बाजूला.

“स्टूल फार बसकं आहे, आई. हात नीट…”

“नाचता येईना अंगण वाकडं,” काकू म्हणाल्या, आणि बोलल्याबरोबर त्यांना वाईट वाटलं. सुनेचा चेहरा उतरला. ती ओळ उसवू लागली. उसवायलाही तिने डावाच हात वापरला आणि काकूंना ते बघवेना, म्हणून त्या उगाच खिडकीची कडी लावायला उठल्या.

असा कसा देव, असं त्यांच्या मनात त्या दिवशी आलं, आणि लगेच त्यांनी दोन्ही गालांवर हलकेच मारून घेतलं.

बुधवारी यजमान त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, हसतमुख. अंगठा हलवून बघितला, टक् वाजवून दाखवला. अंगठ्याला ओढणाऱ्या दोरीला सूज आली आहे, म्हणाले. एक ताठ पट्टी बांधली.

“सहा आठवडे. चिमटीत काही धरायचं नाही.”

“सुई?”

“नाही.”

“धागा? धागा काय, हलका असतो.”

“काकू, धागाही नाही.”

“पंजा तरी?”

डॉक्टरांना पंजा म्हणजे काय ते कळलं नाही. घड्याळवाल्यांनी हातवारे करून ठोकून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, “ते डाव्या हाताने करा.” परत येताना घड्याळवाल्यांनी एकदा म्हणून बघितलं, “केंद्रातल्या बाईंना सांगू, महिनाभर थांबा म्हणून.” काकू म्हणाल्या, “मशीनवाले थांबतील का?”

घरी आल्या, चपला काढल्या, पाणी प्यायल्या आणि सवयीने मागासमोर जाऊन बसल्या. हात मांडीवर, नजर विणीवर. आपण जिथे थांबलो होतो ती जागा त्यांना डोळे मिटूनही सांगता आली असती. लाल पट्टा संपून निळा सुरू झाला होता, निळ्याच्या दोन ओळी झाल्या होत्या. त्यांनी बघितलं. निळ्याच्या पाच ओळी होत्या.

त्यांनी बोट लावून मोजल्या. पाच. नव्या तीन ओळी खालच्यांसारख्याच कललेल्या होत्या. मधे साधा धागा नीट घातलेला. ठोकणं जरा जास्तच घट्ट, एवढाच फरक.

“अहो, इकडे या. हे कोणी केलं?”

“मला घड्याळातला काटा दिसत नाही हल्ली. माझ्याकडे काय बघतेस?”

“मग उंदराने विणलं का?”

मागाच्या पलीकडून, धाग्यांच्या आडून आवाज आला. “मी केलं, आई.”

“तू? उजव्या हाताने?”

“नाही. डाव्याच.”

“खोटं बोलू नकोस. डाव्या हाताची वीण अशी पडत नाही. काल बघितलं ना दोघींनी?”

“काल मी तुमच्या जागेवर बसले होते. आज माझ्या जागेवरून केलं. इथून.”

काकूंना कळेचना. त्या उठल्या, मागाला वळसा घालून पलीकडे गेल्या. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत त्या मागाच्या पाठीमागे ठरवून अशा कधी बसल्याच नव्हत्या. पाठीमागे म्हणजे लोंबती टोकं, गाठी, पसारा. ओट्याकडे जाताना त्या तिथून जायच्या तेवढंच. सून पाटावर मांडी घालून बसली होती. टोकं तिने बाजूला सारून दोऱ्याने बांधून ठेवली होती, खिडकीचा पडदा बांधतात तशी.

“बघा हं,” ती म्हणाली. “तुम्ही तिकडून चार पुढून घेता आणि दोन पाठून. तुमचं पाठून म्हणजे माझं पुढून. चार वर्षं मला तेवढंच दिसतं, दोन दोन धाग्यांचे छोटे वेढे. तुमचा हात धाग्यांतून दिसतो. तुमचा उजवा हात माझ्या डाव्या हातासमोर येतो. मी आरशात बघितल्यासारखं शिकले. म्हणून मी इकडून चार पलीकडून नेते आणि दोन अलीकडून. तुम्ही खिडकीकडे सरकता, मीपण खिडकीकडेच सरकते. फक्त तुमची ती उजवी बाजू, माझी डावी.”

तिने एक वेढा घालून दाखवला. काकू वाकून बघत होत्या. मग त्या धावत, म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना झेपेल तेवढं धावत, पुढच्या बाजूला आल्या आणि तिथून बघितलं. धाग्यांच्या आडून सुनेचा हात हलला. पुढच्या बाजूला चार धाग्यांवरून एक निळा वेढा उमटला आणि आपल्या बहिणींसारखा शहाण्यासारखा कलून बसला.

“अजून एक घाल.”

घातला.

“अजून.”

टेबलापाशी घड्याळवाल्यांनी भिंग काढलं. “काखेत कळसा,” ते म्हणाले.

“कळलं. पुढचं नका सांगू.”

“मी कुठे सांगतोय. तूच गावभर फिरून आलीस.”

काकूंनी सुनेला विचारलं, “आणि हे कधीपासून येतंय तुला?”

“येतंय ते आज कळलं. कळत होतं मात्र आधीपासून.” तिने एक लोंबतं टोक बाजूला सारलं. “म्हणजे, तुम्ही चुकलात की मला इकडून दिसायचं.”

“मी चुकते?”

“मागच्या गालिच्यात तुम्ही एका ठिकाणी साधा धागा घालायचा विसरलात. त्या दिवशी बाबांनी तुमच्या माहेरच्या घड्याळाचे सुटे भाग दुसऱ्याच्या घड्याळात घातले होते.”

घड्याळवाल्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि ते अतिशय बारकाईने काहीतरी बघू लागले. काकू मात्र हसल्या. सोमवारपासून पहिल्यांदा. आपला राग, आपली गडबड, आपलं मन लागणं न लागणं, सगळं ही मुलगी पाठीमागे बसून गाठी मारता मारता वाचत होती, आणि आपण तिला फक्त टोकं कातरायला दिली होती. हे त्यांच्या मनात आलं, पण बोलता आलं नाही. त्या म्हणाल्या ते एवढंच, “पाटावर बसून पाठ दुखेल. उशी घे.”

गुरुवारपासून कामाला लागल्या. दोघींनी मागाला हात लावून नमस्कार केला. काकू पुढे, सून पाठीमागे. सून वेढे घाली, आणि ओळ पुरी झाली की काकू डाव्या हाताने साधा धागा ओढून पंजा ठोकत. डाव्या हाताची ठकठक निराळी होती, जरा अडखळणारी. बेकरीवाल्याच्या बायकोने त्या दिवशी भात उशिरा लावला आणि नवऱ्याची बोलणी खाल्ली.

नक्षीचे रंग काकू पुढून सांगत, कारण पुढची बाजू त्यांनाच दिसत होती. “तीन वेढे पांढरे. आता लाल. आता पुन्हा पांढरे दोन.” शुक्रवार छान गेला. शनिवारी पक्षी आला. पडशीच्या दोन्ही तोंडांवर मधोमध एक पक्षी होता, चोच खिडकीच्या बाजूला. अंग झालं, मान सुरू करायची होती. काकू म्हणाल्या, “आता उजवीकडे घे, तीन तीन वेढे.” आणि त्यांना भाजीवालीने दारात हाक मारली. भाजी घेऊन, दोन गोष्टी बोलून, त्या अर्ध्या तासाने परत आल्या. दोघींनी मान पुरी केली, वर डोकं केलं, चोच केली. संध्याकाळी काकू लांब जाऊन, डोळे बारीक करून बघतात तो काय, पक्षी दाराकडे बघतोय.

“अगं, मी उजवीकडे म्हणाले होते.”

“मी उजवीकडेच घेतलं, आई.”

दोघी एकमेकींकडे धाग्यांतून बघत राहिल्या. मग सुनेनेच आपला उजवा हात वर केला, काकूंनी आपला पट्टी बांधलेला उजवा हात वर केला, आणि ते दोन हात मागाच्या दोन टोकांना होते.

“मी इतकी वर्षं पुढे बसले,” काकू म्हणाल्या, “मला कशाला कळणार, पलीकडे उजवीकडे म्हणजे कुठे ते.”

रविवार उसवण्यात गेला. वेढ्याची वीण उसवणं म्हणजे विणण्यापेक्षा दुप्पट कंटाळा, प्रत्येक वेढा एकेक करून मागे घ्यावा लागतो. घड्याळवाल्यांनी आपला बारीक चिमटा आणून दिला आणि स्वतःही बसले. तिघं मिळून एका पक्ष्याची मान मोडत होते. “सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आमच्याकडे तर सुंभही जळला नाही,” ते मधेच म्हणाले. कोणाला उद्देशून ते दोघींनीही विचारलं नाही. त्या दिवसापासून उजवं-डावं हे शब्द घरातून गेले. खिडकीकडे आणि दाराकडे, असं बोलणं ठरलं. “दोन खिडकीकडे. एक दाराकडे.” मुलाचा फोन आला तेव्हा त्याला वाटलं, घरात फर्निचर हलवताहेत.

सोमवारी मान नीट झाली. मंगळवारी दुपारी सव्वातीनला वरचा पट्टा पुरा झाला. सुनेने शेवटची टोकं बांधली. काकूंनी कात्री डाव्या हातात घेतली, देवाचं नाव घेतलं आणि उभे धागे एकेक करून कापले. कपाटातलं पहिलं तोंड काढून दोन्ही जमिनीवर शेजारी ठेवली. खांद्याचा पट्टा शिवून पडशी पुरी व्हायला संध्याकाळ झाली.

जुळी दिसत होती का? दिसत होती. पण काकूंचे डोळे काकूंचेच. दुसऱ्या तोंडाचा वरचा अर्धा भाग किंचित घट्ट होता, आणि त्यामुळे नखभर आखूड. इतरांना दिसलं नसतं. कमिटीतल्या चष्मेवाल्या गृहस्थांना दिसलं. ते बुधवारी केंद्रात टेबलावर पडशी पसरून, उलटी करून, पुन्हा सुलटी करून बघत होते. त्यांच्या शेजारी केंद्रातल्या बाई. समोर काकू, आणि काकूंच्या पाठीमागे, खुर्ची असूनही उभीच, सून.

“इथून वर हात बदललाय का?” गृहस्थांनी विचारलं.

बाई लगेच म्हणाल्या, “काकूंचा अंगठा दुखावलाय ना. पट्टी बघा. दुखऱ्या हाताने विणलंय बिचाऱ्यांनी.”

त्या चांगल्या मनाने म्हणाल्या होत्या. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं, उलट कौतुकच झालं असतं. वर्ग मिळाला असता. काकूंनी घरून निघताना याचा विचार केला नव्हता असं नाही. दुसऱ्याची वीण आपली म्हणून सांगायची नाही, हे आईच्या माराशिवाय शिकलेलं एकच वाक्य त्यांच्याकडे होतं. पण कमिटी उद्या म्हणाली, तुमचा हात चालत नाही, मग वर्ग कशाला, तर? खोली मशीनला गेली, तर?

“हात बदललाय,” काकू म्हणाल्या. “इथपर्यंत माझा. इथून वर माझ्या सुनेचा. मी सहा आठवडे धागा धरू शकत नाही.”

चष्मेवाल्यांनी सुनेकडे बघितलं. “तुम्ही किती वर्षं विणता?”

सून म्हणाली, “सात दिवस.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “सात दिवसांत हे येत नाही.”

“चार वर्षं बघत होते,” सून म्हणाली. “पाठीमागून.”

मग काकूंनी सांगायला सुरुवात केली. कसं ते त्यांनाही नंतर आठवलं नाही. डावा हात, उजवा हात, आरसा, खिडकी, दार, पक्ष्याची मान, सगळं एका दमात. बोलता बोलता त्यांनी टेबलावरची मोठी फाईल उभी धरली, एका बाजूला स्वतः, दुसऱ्या बाजूला सुनेला उभं केलं, आणि हवेत वेढे घालून दाखवले. चष्मेवाले गृहस्थ एकदा या बाजूने वाकून बघत होते, एकदा त्या.

“इतकी वर्षं डाव्या हाताच्या मुलींना मी परत पाठवत आले,” काकू म्हणाल्या. “तीन आल्या होत्या माझ्याकडे. तिघींना म्हणाले, तुमच्या हाताला ही वीण नाही. माझ्या आईने मला जे सांगितलं तेच मी सांगितलं. आता मला वाटतं, जागा चुकीची दिली होती मी त्यांना. वर्ग दिलात तर पुढे मी बसेन, पाठीमागे ही बसेल. एका मागावर दोघी शिकतील, एक या हाताची, एक त्या हाताची.”

“आणि तुमचा हात बरा झाला की?”

“तरी ही पाठीमागे बसेल. मला पुढून चुका दिसत नाहीत. तिला दिसतात.”

सुनेने मान खाली घातली. चष्मेवाल्यांनी पडशीचं ते दुसरं तोंड पुन्हा हातात घेतलं आणि नखभर आखूड जागेवरून अंगठा फिरवला. “घट्ट ठोकलंय,” ते म्हणाले. “पिशवीला चांगलंच.” मग बाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलले. बाई म्हणाल्या की तीन महिने करून बघू, चार मागांवर आठ जणी, आणि पुढचं तीन महिन्यांनी ठरवू. मशीन सध्या वरच्या मजल्यावर राहतील. कायमचा होकार नव्हता, पण नकारही नव्हता, आणि काकूंना इतक्या वर्षांत केंद्राकडून नुसतं ‘बघू’ एवढंच ऐकायची सवय होती.

बाहेर आल्यावर ऊन होतं. सुनेने पडशी खांद्यावर टाकली, डाव्या. ‘उजव्या खांद्यावर’ म्हणायला काकूंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, “घट्ट ठोकतेस तू. जरा हात सैल ठेव.”

“ठोकत तुम्ही होतात, आई. डाव्या हाताने.”

काकू चालता चालता थांबल्या. खरंच की. गुरुवारपासून पंजा त्यांच्याच हातात होता. सून पुढे बघून चालली होती, पण तिचे खांदे हलत होते, हसून हसून. मग काकूही हसायला लागल्या, आणि भर रस्त्यात दोघींना एका दुकानाच्या पायरीवर टेकावं लागलं.

“तू घरी जा,” काकू उठत म्हणाल्या. “बाबांना सांग आणि त्यांना चहा दे. त्यांनी सकाळपासून एकही घड्याळ उघडलं नसेल.”

“आणि तुम्ही?”

केंद्रातले जुने माग भिंतीला खिळे ठोकून बसवलेले होते. पाठीमागे माणूस सोडा, मांजरसुद्धा बसलं नसतं. चारही माग भिंतीवरून सोडवून खोलीच्या मधोमध उभे करायला पाय लागणार होते, चांगले रुंद, न हलणारे. काकूंनी पदर खोचला.

“मी सुताराकडे जाऊन येते,” त्या म्हणाल्या.